३० हजार रुपये, ८ जीबी रॅम आणि चौघांची खोली: पेनटेस्टिंगच्या कोर्सची एक निवड

उमेदवार २४ वर्षांचा. मूळचा इंदापूर तालुक्यातला, पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलेला, सध्या खराडीच्या एका कंपनीत हेल्पडेस्कला रात्रपाळी करणारा. हातात २१ हजार पडतात. राहायला कर्वेनगरमध्ये कॉट बेसिसवर, खोलीत चौघे. कंपनीची कॅब न्यायला-आणायला येते म्हणून कर्वेनगर-खराडी झेपतं. लॅपटॉप कॉलेजात असताना घेतलेला, ८ जीबी रॅमचा. दीड वर्षात पै-पै करून बाजूला टाकलेले ३० हजार. आणि डोक्यात एकच की लोकांचे पासवर्ड रिसेट करून देण्याचं काम सोडायचं आणि पेनटेस्टिंगमध्ये, म्हणजे मालकाच्या परवानगीने सिस्टिम फोडून तिच्यातली भोकं शोधायच्या कामात, शिरायचं.

२०२५ च्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याच्या ओळखीने तो माझ्याकडे आला. मी पुण्यातच एका सिक्युरिटी कंपनीच्या व्हीएपीटी (भोकं शोधणं आणि पेनटेस्टिंग) टीममध्ये आहे. ज्युनिअर मुलामुलींच्या मुलाखती घेते आणि त्यांचे रिपोर्ट क्लायंटला जाण्याआधी तपासते. त्याचा प्रश्न होता, "मॅडम, कमी पैशात ऑनलाइन कोर्स कुठला करू?" (मॅडमची ताई व्हायला फार वेळ लागला नाही.)

हा प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारत असतं. विचारणारा कोर्सची नावं पाठ करून येतो, पण आपली खोली, लॅपटॉप आणि पाळी यांचा हिशेब करून कुणीच येत नाही. या प्रकरणात निवड ठरली ती नेमकी या तीन गोष्टींवर, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्याची परवानगी आहे, नाव मुद्दाम देत नाही.

७८ हजारांचा डेमो

माझ्याकडे येण्याआधी तो एका क्लासचा ऑनलाइन डेमो ऐकून आला होता. फी ७८ हजार, आजच्या आज बुकिंग केलं तर ६५. हप्त्यांची सोय, नोकरीसाठी मदत, शेवटी क्लासचंच सर्टिफिकेट. मी त्याला एवढंच म्हटलं की डेमोत काय काय झालं ते क्रमाने सांग.

शिकवणाऱ्याने मेटास्प्लॉइटेबल नावाचं मशीन चालू केलं. सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं हे मशीन फुकट मिळतं. त्यावर एनमॅप (कोणती पोर्ट, म्हणजे दारं, उघडी आहेत ते शोधणारं साधन) चालवला, २१ नंबरच्या पोर्टवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइल देवाणघेवाणीचा सर्व्हर दिसला, मेटास्प्लॉइट या हल्ल्यांच्या संचातलं तयार मॉड्यूल निवडलं, एंटर दाबलं आणि समोर रूट शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस. याने मात्र चॅटमध्ये विचारलं, "सर, पण तो शेल का उघडला?" उत्तर आलं, "ते ॲडव्हान्स्ड मॉड्यूलमध्ये येईल."

ते ॲडव्हान्स्ड अजिबात नाही. २०११ च्या जुलैच्या सुरुवातीला लक्षात आलं की या एफटीपी सर्व्हरच्या २.३.४ आवृत्तीची डाउनलोडची फाइल कुणीतरी परस्पर बदलली आहे. लॉगिन करताना युजरनेमच्या शेवटी कोलन आणि उजवा कंस, म्हणजे टाइप केलेला हसरा चेहरा, टाकला की सर्व्हर ६२०० पोर्टवर थेट रूटचा शेल उघडून द्यायचा. ती फाइल काही दिवसांतच हटवली गेली. मेटास्प्लॉइटचं मॉड्यूल बाकी काही करत नाही. तो हसरा चेहरा पाठवतं आणि ६२०० ला जोडून घेतं. हे हाताने, नेटकॅटने (पोर्टला थेट जोडून देणारं छोटं साधन) करून दाखवलं असतं तर दहा मिनिटांत पोरांना पोर्ट, बॅनर (सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ), बॅकडोअर (चोरदार) सगळं समजलं असतं. तेवढंही न सांगणाऱ्याला ६५ हजार द्यायचे नाहीत यावर आमचं तिथल्या तिथे एकमत झालं.

हप्त्यांचं आणखी एक. क्लास म्हणतो "ईएमआय देतो", पण हप्ते देणारी असते एखादी फायनान्स कंपनी. क्लासला फी एकरकमी मिळून जाते आणि आपण त्या कंपनीचे कर्जदार होतो. दुसऱ्या महिन्यात शिकवणं आवडेनासं झालं तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकवला तर सिबिलला डाग लागतो. त्याने मला क्लासचा फॉर्म पाठवला होता, त्यात हे बारीक अक्षरात होतंच. नोकरीबद्दल लेखी काय देता, असं मी त्याला विचारायला लावलं. त्यानंतर त्यांचे फोन आपोआप बंद झाले.

इथे एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. सगळे मोठ्या फीचे कोर्स वाईट नसतात. पुण्यातच सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा इन्फ्रास्ट्रक्चर आणि सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन जावं लागतं आणि साधारण सहा महिने पूर्णवेळ बसावं लागतं. ज्याला नोकरी सोडून तेवढे महिने काढता येतात त्याला मी आधी तिकडेच बघ म्हणेन. याला घरी पैसे पाठवायचे असतात, त्यामुळे तो रस्ता बंद होता.

डॉलरचा भाव एक, खिशातून जाणारा आकडा दुसरा

उरले बाहेरचे ऑनलाइन कोर्स. त्याने वहीत यादी केली होती, समोर डॉलर लिहिले होते आणि डॉलरला ८७ ने गुणलं होतं. तेव्हा भाव साधारण तेवढाच होता. हिशेब तिथेच थांबला होता.

समजा, किंमत २५० डॉलर दिसते. ८७ ने २१,७५० झाले. परदेशी कंपनीकडून ऑनलाइन सेवा घेतली की वैयक्तिक ग्राहकाला १८ टक्के जीएसटी लागतो. तो बऱ्याचदा पैसे भरायच्या शेवटच्या पानावरच दिसतो. ३,९१५ त्याचे. झाले २५,६६५. मग बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे डॉलरमधल्या व्यवहारावरचा आकार. त्याच्या कार्डावर साडेतीन टक्के होता, आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी. हजार-साडेदहाशे आणखी. म्हणजे २१ हजार सातशेची वस्तू पावणेसत्तावीस हजारांना पडते. ३० हजारांच्या बजेटमध्ये हा फरक जीवघेणा आहे. त्यातून त्याच्या डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद होते. नव्या कार्डांवर ते बंदच येतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. हे माहीत नसल्याने 'पेमेंट फेल' बघून आठवडाभर कोर्सवाल्यांना मेल पाठवत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

या गाळणीतून यादी भराभर गळाली. ऑफसेकचा पेन-२०० कोर्स, म्हणजे ज्याच्या शेवटी ओएससीपीची परीक्षा असते तो, दीड हजार डॉलरच्या वर. जीएसटी धरता दीड लाखाच्या पुढे. विषय संपला. सीईएचची (सर्टिफाइड एथिकल हॅकर) अधिकृत शिकवणी आणि परीक्षाही त्याच्या आवाक्यापलीकडे. शिवाय त्याची मुख्य परीक्षा १२५ पर्यायी प्रश्नांची, ४ तासांची. हात चालवायला शिकवत नाही, हे माझं मत मुलाखती घेऊन घेऊन बनलेलं आहे. पण ते सर्टिफिकेट टाकाऊ म्हणता येत नाही. सर्ट-इन या सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या पॅनेलवर असलेल्या ऑडिट कंपन्यांना आपल्याकडे कोणत्या सर्टिफिकेटची किती माणसं आहेत याची माहिती द्यावी लागते, टेंडरमध्येही मोजणी होते. एचआरवाले नावं बघतात त्यामागे हे आहे. मुलाखतीत समोर बसणारी माझ्यासारखी बाई मात्र बर्प (वेबसाइट तपासायचं साधन) उघडायला सांगते.

राहिले चार-पाच (किमती तेव्हाच्या). ईजेपीटी ही नवख्यांची परीक्षा: ४८ तास, ३५ प्रश्न, उत्तरं प्रत्यक्ष लॅबमध्ये शिरूनच मिळतात, रिपोर्ट लिहावा लागत नाही. परीक्षेचं व्हाउचर अडीचशे डॉलरच्या आसपास, म्हणजे वर मांडलेला हिशेब जवळपास त्याचाच. टीसीएम सिक्युरिटीची पीएनपीटी: ५ दिवस टेस्टिंग, २ दिवस रिपोर्ट, मग परीक्षकाला ऑनलाइन बसून निष्कर्ष समजावून सांगायचे. परीक्षा म्हणून मला ही सगळ्यांत आमच्या रोजच्या कामासारखी वाटते. हॅक द बॉक्सची सीपीटीएस: आधी पंचवीसहून अधिक मॉड्यूलचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, तरच परीक्षेला बसता येतं. परीक्षा १० दिवसांची, शेवटी क्लायंटला देतात तसा रिपोर्ट. ट्रायहॅकमी: महिन्याला हजार-दीड हजारांत भरपूर लॅब, वर्षाचं एकदम घेतलं की स्वस्त. आणि फुकटातली पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, जिच्यात दोनशेहून जास्त लॅब आहेत. बर्प बनवणाऱ्यांनीच ती चालवली आहे. फुकट आहे म्हणून लोक तिला शेवटी ठेवतात, हे मला कळलेलं नाही.

मामेभावाचा ईमेल

हॅक द बॉक्सच्या अकॅडमीत विद्यार्थ्यांसाठी तेव्हा महिना ८ डॉलरची वर्गणी होती. कॉलेजचा ईमेल मात्र हवा. जीएसटी-मार्कअप सगळं धरून नऊशेच्या आत बसत होतं. आपल्या उमेदवाराचं कॉलेज संपलेलं, पण मामेभाऊ इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षात. "ताई, त्याच्या ईमेलवर घेतो. कुणाला कळणारे?"

माझं उत्तर व्यवहाराचं होतं. खातं त्याच्या ईमेलवर, मग पुढे सर्टिफिकेटवर नाव कुणाचं? पडताळणीत अडकलं तर अभ्यास तुझा आणि खातं मामेभावाचं. आणि तू ज्या नोकरीसाठी हे करतोयस तिथे बँका स्वतःच्या सिस्टिमच्या चाव्या तुझ्या हातात देणार. तिथे पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आत शिरलेला माणूस कोण ठेवेल? तो गप्प बसला. पटलं की नाही ते कळलं नाही, पण ईमेल वापरला नाही.

टेलिग्रामवरचा 'सगळे कोर्स पाचशे रुपयांत' हा पर्यायही त्याच संध्याकाळी निकालात निघाला. त्यात फक्त व्हिडिओ मिळतात आणि या विद्येत व्हिडिओ हा सगळ्यांत कमी मोलाचा भाग आहे. पैसे पडतात ते लॅबचे. शिवाय अशा गठ्ठ्यांमधल्या 'टूल'च्या फाइलमध्ये काय काय भरलेलं असतं हे तपासायला आमच्याकडे वेगळी माणसं आहेत.

खोलीने ठरवलेली निवड

आता या प्रकरणातला खरा गुंता. ओएससीपीला पैसे असते तरी तो तिथे बसू शकला नसता. ती परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, वर रिपोर्टला २४ तास, आणि परीक्षेचा पूर्ण वेळ वेबकॅम व स्क्रीनवर पहारेकरी. खोलीत दुसरं कुणी चालत नाही. याच्या खोलीत तीन कॉट इतरांच्या. एक पोलिस भरतीची तयारी करणारा पहाटे साडेचारला उठणारा, एक डिलिव्हरीचं काम करून रात्री एकला येणारा, एक एमपीएससीवाला दिवसभर खोलीतच. त्यांना चोवीस तास बाहेर काढता येत नाही म्हणजे लॉज बघावा लागणार, आणि लॉजच्या वायफायवर परीक्षेच्या लॅबला जोडणारं व्हीपीएन टिकेल याची हमी कोण देणार? म्हणून ज्या परीक्षांना पहारा नाही आणि ज्या दिवसांत मोजल्या जातात, त्याच त्याच्या. ईजेपीटी, पीएनपीटी आणि सीपीटीएस या तिन्ही तशा आहेत. रात्रपाळीवाल्याला १० दिवसांची खिडकी २४ तासांच्या खिडकीपेक्षा कितीतरी माणुसकीची.

लॅपटॉपचंही तसंच. कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कचा सराव म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीतली सगळी खाती आणि मशीन सांभाळणारी विंडोजची व्यवस्था. घरी लॅब उभारायची तर एक विंडोज सर्व्हर, निदान एक-दोन विंडोज क्लायंट आणि वर हल्ल्याची साधनं आत असलेलं काली लिनक्स. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळते, एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट, काली फुकट. पण ८ जीबीत हे सगळं एकदम चालू केलं की लॅपटॉप फक्त पंख्याचा आवाज काढतो. टिळक रोडवरच्या दुकानात आणखी ८ जीबीची पट्टी दोन हजारांच्या आत बसली. एक स्लॉट रिकामा होता हे नशीब. माझ्या मते त्या ३० हजारांतला सगळ्यांत चांगला खर्च हाच. तरीही ॲक्टिव्ह डिरेक्टरीची मोठी लॅब विकत घेऊन ब्राउझरमध्ये चालवणंच त्याला सोयीचं पडणार होतं, खोलीतल्या वायफायवर चौघांची ओढाताण असूनही.

ऑफिसचा लॅपटॉप चांगला दणकट, १६ जीबीचा. त्यावर काली टाकू का, असं त्याने विचारलं. नाही. हेल्पडेस्कच्या मशीनमधून एनमॅप सुटला की त्यांची सिक्युरिटी टीम पहिला फोन त्याच्या मॅनेजरला करणार, आणि करायलाच हवा.

खोलीतल्या डिलिव्हरीवाल्याने त्याला वेगळंच डिवचलं: "मेसच्या ॲपवर चालव ना, फुकट थाळी मिळते का बघू." या टप्प्यावर मी आयटी कायद्याची दोन कलमं त्याला वाचायला लावली. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं कलम ४३ मध्ये येतं आणि भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फुकट थाळी हा हेतू कोर्टात समजावून सांगणं अवघड आहे. परवानगी लेखी लागते, आणि त्यात कोणता पत्ता, कोणत्या तारखा हे लिहिलेलं लागतं. स्वस्त कोर्स निवडताना मी हे आवर्जून बघते की त्यात परवानगी आणि कामाची हद्द यांवर निदान एक धडा आहे का. ज्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी वायफाय फोडायला लावतात तो मी यादीतून काढते.

काय ठरलं

पैशाचा क्रम उलटा लावला. आधी कोर्स आणि मग सराव, असं न करता फुकटचं सगळं संपल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. कारण विकतच्या कोर्सची घड्याळं लगेच सुरू होतात. ९० दिवसांची लॅब घेऊन त्यातले पहिले ४० दिवस लिनक्सच्या कमांड शिकण्यात घालवणारी मुलं हजारो रुपये नुसती जाळतात.

म्हणून आधी ओव्हर द वायरचा बँडिट. लिनक्सचा हात बसायला याहून चांगलं फुकट काही नाही. नेटवर्किंग कच्चं होतं, त्यासाठी एनपीटीईएलवरचा आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा १२ आठवड्यांचा कोर्स. बघायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. त्याने निम्माच बघितला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग पोर्टस्विगर, ॲक्सेस कंट्रोलपासून (कुणाला काय बघता-करता येतं याचं नियंत्रण) सुरुवात करून. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांमध्ये पहिला क्रमांक त्यातल्या चुकांचाच आहे आणि आमच्या रिपोर्टमध्येही तोच सारखा भेटतो. जोडीला लॅपटॉपवर ज्यूस शॉप. ही ओवास्पने मुद्दाम सदोष बनवलेली दुकानाची साइट ८ जीबीतही मजेत चालते. यानंतर तीन महिन्यांची ट्रायहॅकमीची वर्गणी, महिन्याच्या महिन्याला. कार्डावरून आपोआप कापले जाणारे पैसे रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनंतर कधी कधी मध्येच अडतात, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवायला सांगितलं. आणि व्हाउचरचे पैसे मुद्दलात तसेच ठेवायचे.

एक अट माझी. पैसे भरण्याआधी ज्यूस शॉपवरचा एक रिपोर्ट लिहून आणायचा.

तो रिपोर्ट

पहिला मसुदा आला तो दोन पानांचा, त्यात स्क्रीनशॉटच जास्त. एक निष्कर्ष जसाच्या तसा देते. मूळ इंग्रजीत होता, मराठीत असा होईल: "बास्केटमध्ये आयडॉर सापडला. तीव्रता: हाय. उपाय: योग्य व्हॅलिडेशन करावे."

आयडॉर म्हणजे क्रमांक बदलून दुसऱ्याची माहिती उघडता येणं. पण या निष्कर्षावरून डेव्हलपरला काही करता येत नाही. मी समोरासमोर बसवून विचारलं. कुठल्या रिक्वेस्टमध्ये? बास्केट मागवणाऱ्या रिक्वेस्टच्या पत्त्यात शेवटी आकडा असतो, त्यात. काय केलंस? ६ चा ५ केला. मग? दुसऱ्या ग्राहकाच्या बास्केटमधल्या वस्तू आल्या. लॉगिन लागतं का? हो. नुसतं बघता आलं की बदलताही आलं? यावर तो थांबला. तपासलंच नव्हतं. पैसे, पत्ता, कार्ड दिसलं का? नाही. मग 'हाय' कशावरून? "सगळे आयडॉर हाय असतात असं व्हिडिओत सांगितलं होतं."

सीव्हीएसएस या तीव्रता मोजायच्या पद्धतीच्या ३.१ आवृत्तीत बसून आकडे भरायला लावले. नेटवर्कवरून, सोपं, साधं लॉगिन पुरेसं, थोडी माहिती फुटते, बदल करता येत नाही. स्कोअर ४.३. मीडियम. वस्तू बदलता आल्या असत्या तर वेगळा आला असता, म्हणून आधी ते तपासून ये.

तपासून दुसरा मसुदा आला. त्यातलं मुख्य वाक्य असं: "लॉगिन केलेला कोणताही ग्राहक विनंतीतील बास्केटचा क्रमांक बदलून इतर ग्राहकांच्या बास्केटमधील वस्तू व त्यांची संख्या पाहू शकतो. सर्व्हर क्रमांक तपासतो, मालकी तपासत नाही." खाली रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, दोन वेगळ्या खात्यांनी केलेली खात्री. उपाय: "लॉगिनच्या टोकनमधील वापरकर्ता आणि बास्केटचा मालक एकच आहे याची तपासणी प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर करावी, क्रमांक अंदाज न येणारे करणे पुरेसे नाही." शेवटचं अर्धं वाक्य त्याचं स्वतःचं. ते वाचून मी सहकाऱ्याला फोन केला की पोरगं लागेल कामाला.

हे सगळं फुकटच्या साधनांवर झालं. ७८ हजारांचा कोर्स आणि हे यांत फरक काय, तर कुणीतरी बसून लाल पेनाने खुणा केल्या. स्वस्त ऑनलाइन कोर्समध्ये नेमकं तेच मिळत नाही, आणि ते बाहेरून मिळवावं लागतं. पुण्यात नल या सिक्युरिटीवाल्यांच्या समुदायाच्या आणि ओवास्पच्या गटांच्या मोफत बैठका होतात, तिथे काम करणारी माणसं येतात. तिथे जाऊन 'कोर्स कुठला करू' विचारलं की लोक चहाकडे वळतात. 'हा माझा रिपोर्ट, दोन मिनिटं बघाल का' विचारलं की थांबतात. तोही लाजत-लाजत एकदा गेला आणि कुणीतरी त्याला सांगितलं की स्क्रीनशॉटमधले टोकन झाकायचे असतात. मी ते बघायचं विसरले नव्हते, पुढच्या फेरीला ठेवलं होतं, असं मी त्याला सांगितलं. त्याने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

नोकरीच्या बाजाराची एक झलक

दरम्यान त्याला एक काम दिलं होतं. पुण्यातल्या ज्युनिअर व्हीएपीटीच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करायच्या आणि काय मागतात ते वहीत लिहायचं. बहुतेकांत सीईएच किंवा ओएससीपी "असल्यास प्राधान्य", बर्प, एनमॅप, नेसस (भोकं शोधणारा स्कॅनर), ओवास्प टॉप टेन, रिपोर्ट लिहिणं, आणि वर एक ते तीन वर्षांचा अनुभव. फ्रेशरसाठी म्हणून दिलेल्या जाहिरातीतही अनुभव मागणं हा आपल्याकडचा जुना विनोद आहे. ईजेपीटीचं नाव क्वचित, सीपीटीएसचं त्याहून क्वचित.

यातून त्याचा धीर सुटला. "मग शिकून उपयोग काय?" या क्षेत्राचं वेड त्याला बारावीत लागलं होतं, कॉसमॉस बँकेची बातमी वाचून. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या त्या बँकेचे ९४ कोटींवर रुपये दोन दिवसांच्या व्यवहारांत गेले होते. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि काही रक्कम स्विफ्टने हाँगकाँगला वळवली गेली. तेव्हापासून जपलेल्या स्वप्नावर एचआरची चाळणी बसली होती. मी त्याला एक वेगळी जाहिरात शोधायला सांगितली: स्वतःच्याच कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवरची. मोठ्या कंपन्यांत हेल्पडेस्कवरून आत सरकायला सर्टिफिकेटपेक्षा मॅनेजरची सही जास्त लागते.

दिवाळीनंतर तिथे व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंटची जागा निघाली. पेनटेस्टिंग नव्हेच ते. नेससने स्कॅन चालवायचे, निघालेल्या शेकडो ओळींतून खऱ्या वेचायच्या, सर्व्हरवाल्यांच्या मागे लागून पॅच लावून घ्यायचे. मुलाखतीत त्याने ज्यूस शॉपचा रिपोर्ट पुढे केला. प्रश्न बहुतेक त्यावरच आले, आणि एक खास: "हाय की मीडियम, हे कसं ठरवलं?" ४.३ ची गोष्ट त्याने सांगितली.

जागा मिळाली. पगार तीन हजारांनी वाढला, रात्रपाळी गेली. कॅबही गेली, कारण ती रात्रपाळीलाच होती, आणि कर्वेनगर ते खराडीचा प्रश्न आता रोज सकाळी त्याच्यापुढे उभा असतो. वनाजहून मेट्रोने रामवाडीपर्यंत आणि पुढे बसने, असं चाललं आहे.

३० हजारांतले रॅमची पट्टी आणि वर्गणी मिळून सहा हजारांच्या आसपास गेले. उरलेल्यांचं काय, यावर आमचं अजून एकमत नाही. त्याला ईजेपीटी घेऊन टाकायची आहे, 'नावापुढे काहीतरी लागेल' म्हणून. माझं म्हणणं, जी परीक्षा रिपोर्ट मागत नाही तिच्यावर इतके पैसे घालू नकोस. थांब, सीपीटीएसचा अभ्यासक्रम महिन्याच्या वर्गणीवर सावकाश पुरा कर, आणि परीक्षेचे पैसे कंपनीकडून निघतात का ते बघ. त्याच्या कंपनीचं धोरण असं की नव्या जागेवर कायम झाल्यावर, पास झालेल्या परीक्षेची फी परत मिळते, बदल्यात एक वर्षाचा बाँड. बाँड ऐकून वडील बिथरले आहेत. त्यांना वाटतं मुलाला कुठेतरी अडकवतायत. एक वर्ष तसंही तो तिथे राहणारच आहे, हे मी त्यांना फोनवर सांगून पाहिलं.

गेल्या आठवड्यात त्याने एचआरला मेल करून विचारलं की परदेशी कंपनीचं ऑनलाइन बिल चालेल का. उत्तर आलं: बिल कर्मचाऱ्याच्या नावाचं हवं, जीएसटी वेगळा दाखवलेला हवा, आणि बँक स्टेटमेंट जोडावं, मार्कअप मिळणार नाही.